शेरा: ‘पालक उदासीन’

दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे आपल्याला घरबसल्या कळते, असा आपल्या शिकलेल्या वर्गाचा मोठा विश्वास आहे. त्या विश्वासाने किती नुकसान होते, ते मी स्वतःच्या अपराधावरून सांगतो.

आमच्या हिंगोली जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. ती फिटेपर्यंत फडातून सुटका नाही. मुलेही बरोबर जातात. सेनगाव तालुक्यात मास्तरकी करताना अशा मुलांच्या नावापुढे मी वर्षानुवर्षे ‘पालक उदासीन’ असा शेरा मारीत आलो. एकदा एका बाईला विचारले, “पोरीनं शिकावं असं तुम्हाला वाटत नाही का?” ती म्हणाली, “वाटून काय करू, गुरुजी? औंदा सासू गेली. शानी झालेली पोर कुनाच्या भरवशावर ठेवू?” जिला मी उदासीन ठरवले होते, तिने त्या पोरीचा माझ्याहून अधिक विचार केला होता!

1983 साली विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगितली. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो ते कुठे शोधील? तीन वर्षांचे पोर बहुधा नवे कपाट दाखवते. चार-पाच वर्षांचे झाले, की त्या मुलाला बदल ठाऊक नाही हे त्याला उमगू लागते. म्हणजे, दुसऱ्याची समजूत चुकीची असू शकते एवढे आपण बालपणीच शिकतो. दुसऱ्याविषयीची आपली समजूत चुकीची असू शकते, हे मात्र पन्नाशी उलटली तरी शिकत नाही!

साहेबांची बदली होऊन मुलाची शाळा सुटली, तर ती परिस्थिती. मजुराच्या मुलाची सुटली, तर ती वृत्ती! कोणी म्हणेल, काही पालक खरोखरच उदासीन असतात. असतील. पण ते विचारून ठरवा. कारण शेऱ्यावरून उपाय ठरतो. उदासीनतेवर प्रभातफेरी काढून भागते. घरी सांभाळायला माणूस नसेल, तर हंगामी वसतिगृह वेळेवर उघडावे लागते. प्रभातफेरी स्वस्त पडते, म्हणूनच तर आपल्याला उदासीनता दिसत नाही ना?

औंढ्याची आख्यायिका सर्वांना माहीत आहे. शिवलिंगावर पाय ठेवून पडलेल्या विसोबा खेचरांना पाहून नरसीच्या नामदेवांनीही मनाशी निकाल दिलाच होता. पण त्यांनी तो तोंडावर बोलून दाखवला. जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव, असे उत्तर मिळाले, आणि निकाल देणारा शिष्य झाला. आम्ही मास्तर मंडळी मात्र निकाल पाठीमागे देतो, आणि तोही शाईने.

या दिवाळीतही टोळ्या निघतील. शेरा लिहिण्यापूर्वी एकदा गाडीपाशी जाऊन विचारा.