सही करण्याआधी...

परवा दुपारी एका तालुक्याच्या गावाहून वाचक भगिनीचा फोन आला. आवाजात काळजी होती, थोडा रागही होता. त्यांच्या धाकट्या जाऊबाईंना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासायला गेल्या, तर डॉक्टर म्हणाले, एका नवीन गोळीची क्लिनिकल ट्रायल चालू आहे, तुमचं नाव घालू का? गोळ्या, रक्ततपासण्या सगळं मोफत. हातात पंधरा-वीस पानांचे कागद आले. जाऊबाईंनी ते न वाचताच नवऱ्याकडे सरकवले. त्यांनी खिशातून पेन काढलंसुद्धा. तेवढ्यात जाऊबाईंना काय वाटलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, "अहो थांबा, घरी विचारून सांगू."

आणि घरी आल्यावर हा फोन. "ताई, खरं सांगा, आम्ही काय उंदीर आहोत का, आमच्यावर प्रयोग करायला?"

मैत्रिणींनो, प्रश्न अगदी रोखठोक आहे. त्याला हो किंवा नाही, असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. म्हणून आजचा हा लेख.

आधी आपल्याच घरातला औषधांचा डबा उघडून बघा. सासूबाईंची बीपीची गोळी, बाळाच्या लसीकरणाचं कार्ड, आपली रक्तवाढीची गोळी. यातलं प्रत्येक नवं औषध, प्रत्येक लस आपल्यापर्यंत येण्याआधी कुणीतरी पहिल्यांदा घेतलेली असते. त्या 'कुणीतरी'ने हो म्हटलं म्हणून आज आपण ती बिनधास्त घेतो. तेव्हा माणसांवर चाचणी व्हावी की नाही, हा वादाचा मुद्दा नाही. ती झाल्याशिवाय औषध खरंच लागू पडतं का, हे कळायला दुसरा मार्ग नाही. मुद्दा एवढाच, की त्या माणसाला नीट सांगून विचारलं होतं का?

आता ही चाचणी असते तरी कशी? आपल्या पापडाचंच उदाहरण घेऊ. बचत गटातल्या एकीने नवा पापडखार आणला. म्हणाली, याने पापड छान फुलतात. खरं-खोटं कसं ठरवाल? जुन्या खाराचे पापड ढगाळ दिवशी वाळवले आणि नव्या खाराचे कडक उन्हात, तर फरक खाराचा की उन्हाचा, हे कळणारच नाही. म्हणून पीठ एकच, लाटणाऱ्या त्याच, गच्ची तीच, दिवस तोच. निम्म्या पिठात जुना खार, निम्म्यात नवा. आणि तळून खायला देताना कुठला कोणता ते सांगायचं नाही. नाहीतर 'नवा' म्हटलं की उगीचच जास्त चांगला लागतो!

क्लिनिकल ट्रायलमध्येही हेच करतात. भाग घेणाऱ्यांचे दोन गट पाडतात. कोण कुठल्या गटात, हे डॉक्टरांच्या मर्जीवर नसतं, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. एका गटाला नवं औषध, दुसऱ्याला आधीपासून चालत आलेलं औषध. कधी कधी दुसऱ्या गटाला दिसायला हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली गोळी देतात. तिला प्लासिबो म्हणतात. पुष्कळदा कुणाला काय मिळतंय, हे रुग्णालाही ठाऊक नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नसतं. शेवटी हिशेब मांडला जातो.

नवं औषध एकदम हजारो लोकांना देत नाहीत. आधी प्राण्यांवर अभ्यास होतो. मग पहिल्या टप्प्यात थोड्याशा लोकांना देऊन, किती डोस सोसतो, त्रास काय होतो, ते बघतात. दुसऱ्या टप्प्यात काही रुग्णांवर गुण येतो का, ते बघतात. तिसऱ्या टप्प्यात पुष्कळ रुग्णांवर, वेगवेगळ्या ठिकाणी जुन्या उपचाराशी तुलना होते. औषध बाजारात आल्यावरही चौथ्या टप्प्यात त्यावर नजर ठेवतात. म्हणून "कितव्या टप्प्याची ट्रायल आहे?" हा प्रश्न फार मोलाचा आहे. टप्पा जितका आधीचा, तितकं त्या औषधाबद्दल माहीत असलेलं कमी.

या चाचण्या कुठे दूर परदेशातच होतात, असं समजू नका. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये २००२ ते २००५ या काळात १,६२० बाळंतिणींवर अशीच एक ट्रायल झाली. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव किती जिवावर बेततो, हे आपल्यातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शन थंड जागी ठेवावं लागतं, आणि खेड्यात वीज असेलच असं नाही. मग मिसोप्रोस्टॉल नावाची साधी गोळी चालेल का? नर्सबाईंनी निम्म्या बायकांना ही गोळी दिली, निम्म्यांना प्लासिबो. प्लासिबोच्या गटात १०० पैकी १२ जणींना अतिरक्तस्राव झाला. गोळी घेतलेल्या गटात हे प्रमाण सहा-साडेसहावर आलं. म्हणजे जवळजवळ निम्मं! हा अभ्यास २००६ मध्ये छापून आला. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. त्या बाळंतिणींची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण त्यांच्या होकाराचा उपयोग कुठल्या कुठल्या देशांतल्या बायकांना झाला!

दुसरं उदाहरण तर आपल्या मराठवाड्यातलं. उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा. १९९९ पासून तिथल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक निरोगी बायका एका मोठ्या अभ्यासात सहभागी झाल्या. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. प्रश्न होता, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर लवकर ओळखायला कोणती तपासणी चांगली? गावांचे ५२ गट केले आणि त्यांची चार भागांत वाटणी झाली. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागात यातली कुठलीच तपासणी नाही, जे नेहमीचं तेच.

निकाल २००९ मध्ये आला. तपासणी न झालेल्या साधारण ३१ हजार बायकांमध्ये या कॅन्सरने ६४ जणी दगावल्या. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या ३४ हजारांमध्ये ३४ जणी. बाकी दोन तपासण्या तिथे एकेकदाच झाल्या, त्यांनी मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. हा आकडा हाती आला नसता, तर खेड्यात कुठल्या तपासणीवर पैसा खर्च करायचा, हे जगाला अंदाजानेच ठरवावं लागलं असतं. जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही तपासणीचीच शिफारस करते.

पण मैत्रिणींनो, एवढ्यावर थांबलं तर ते अर्धंच खरं होईल. त्या चौथ्या भागातल्या बायकांचं काय? तपासणीने फायदा होतो, हे पुढारलेल्या देशांना आधीच ठाऊक असताना एवढ्या बायकांना तपासणीविना का ठेवलं, अशी टीका नंतर देशात आणि परदेशातही झाली. अभ्यास करणाऱ्यांची बाजू अशी, की त्या भागात तशी तपासणी कुणालाच मिळत नव्हती. दोन्ही बाजू ऐकल्या तरी मनात एक टोचणी राहतेच. आपण कुठल्या गटात आहोत आणि त्यामुळे आपल्याला काय मिळणार नाही, हे त्या बाईला पूर्ण समजलं होतं का? ट्रायलमध्ये हे समजणंच सर्वांत महत्त्वाचं.

आणि ते समजावणं राहून गेलं तर काय होतं, हे २००९-१० मध्ये दिसलं. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातला खम्मम जिल्हा आणि गुजरातेतला वडोदरा जिल्हा इथे १० ते १४ वयाच्या हजारो मुलींना एचपीव्हीची लस दिली गेली. करणाऱ्या संस्थेने त्याला ट्रायल म्हटलं नव्हतं, प्रात्यक्षिक प्रकल्प म्हटलं होतं. त्या काळात सात मुली दगावल्या. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध दिसून आला नाही, हे स्पष्ट सांगायला हवं, कारण लशीबद्दल उगाच भीती पसरायला नको. पण त्याच चौकशीत दुसरी गोष्ट उघड झाली. खम्मममधल्या आश्रमशाळांत कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर आई-वडिलांच्या नव्हे, तर मुख्याध्यापकांच्या किंवा वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या! एप्रिल २०१० मध्ये सरकारने तो प्रकल्प थांबवला, आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. लस चांगली असली तरी विचारायची पद्धत चुकली, आणि लोकांचा विश्वास उडाला. विश्वास एकदा गेला की चांगल्या कामाचीही दारं बंद होतात.

आता नियम पुष्कळ कडक झाले आहेत. २०१९ चे नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम काय सांगतात? अशा प्रत्येक ट्रायलला औषध नियंत्रकांची आणि एथिक्स कमिटीची, म्हणजे नीतिमत्ता समितीची, मंजुरी हवी. या समितीत किमान सात जण असावे लागतात. त्यात एक कायद्याचा जाणकार, एक तुमच्या-माझ्यासारखी सामान्य व्यक्ती आणि एक तरी बाई असलीच पाहिजे. माहितीचा कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत हवा. वाचता येत नसेल, तर तटस्थ साक्षीदारासमोर तो वाचून दाखवायचा. कागदांची एक प्रत तुम्हाला द्यायची. ट्रायलच्या काळात काही इजा झाली, तर मोफत उपचार आणि ट्रायलमुळे झाल्याचं ठरलं तर नुकसानभरपाई. आणि ट्रायलमधून कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं. त्यासाठी तुमचे नेहमीचे उपचार कुणी थांबवू शकत नाही.

नियम कागदावर चांगले आहेत. पण ते जिवंत होतात विचारणाऱ्या माणसामुळे. आणि इथेच आपण बायका मागे राहतो. "मला काय कळतंय त्यातलं, यांनाच विचारा," हे वाक्य आपल्या तोंडात इतकं बसलंय, की गोळी आपल्या पोटात जाणार, सुई आपल्या दंडात टोचणार, आणि सही मात्र नवऱ्याची, दिराची नाहीतर मुलाची! शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईच्या वतीने दुसऱ्या कुणी संमती देऊन चालत नाही. घरच्यांचा सल्ला जरूर घ्या, त्यांना सोबत न्या. पण निर्णय तुमचा आणि सहीसुद्धा तुमचीच. लिहिता येत नसेल तर अंगठाही तुमचाच. मुलीच्या बाबतीत सही आई-वडिलांची, पण समजत्या वयाच्या मुलीलाही सांगून तिचा होकार घ्यायला हवा.

दुसरी गोष्ट, 'मोफत' या शब्दाला भुलू नका. गरिबाला मोफत उपचार नको असतील कसे? पण ट्रायलमध्ये कदाचित नवं औषध तुमच्या वाट्याला येणारही नाही. तिचा पहिला हेतू एका प्रश्नाचं उत्तर शोधणं हा असतो. तुम्हाला गुण आला तर आनंदच, पण तशी हमी नसते. 'नवीन' म्हणजे 'जास्त चांगलं' असं असतं, तर ट्रायल करायची गरजच काय होती?

म्हणून सही करण्याआधी डॉक्टरांना शांतपणे काही गोष्टी विचारा. ही ट्रायल कशासाठी आणि कितव्या टप्प्याची? मी आत्ता घेते ती औषधं बंद करावी लागतील का? मला प्लासिबो मिळू शकतं का? आजवर काय काय त्रास दिसले आहेत? किती वेळा यावं लागेल, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी मिळेल का? दिवस राहिले तर काय? रात्री-अपरात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? भाग घेतला नाही तर माझ्या आजारावर दुसरे उपचार कोणते? आणि ट्रायलचा नोंदणी क्रमांक काय? आपल्या देशात २००९ पासून प्रत्येक ट्रायलची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद करावी लागते. इंटरनेटवर ती कुणालाही फुकट बघता येते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीला सांगा, ती दोन मिनिटांत शोधून देईल. हे विचारल्यावर कुणी चिडलं, घाई केली, "आत्ताच सही करा" म्हणालं, तर कागद घेऊन सरळ घरी या.

त्या फोनवाल्या भगिनीला मी हेच सगळं सांगितलं. आठवड्याने त्यांचा पुन्हा फोन आला. जाऊबाईंनी रात्री जेवणं झाल्यावर लेकीकडून सगळे कागद वाचून घेतले, जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे प्रश्न लिहून नेले. डॉक्टरांनी अर्धा तास बसून उत्तरं दिली. सगळं ऐकून जाऊबाई नको म्हणाल्या. दर पंधरा दिवसांनी फेरी, आणि आता पेरणीचे दिवस, जमणार नव्हतं. डॉक्टर रागावले नाहीत, जुनी औषधं चालू राहिली. त्यांच्या शेजारच्या बाकावरच्या एका बाईंनी मात्र तेच प्रश्न विचारले आणि त्या हो म्हणाल्या.

मला दोघींचंही कौतुक वाटलं. एकीने नकार दिला, एकीने होकार, पण दोघींनी तो समजून दिला. प्रयोगशाळेतल्या उंदराला कुणी विचारत नाही, आणि त्याला नाही म्हणता येत नाही. आपल्याला विचारलं जातं आणि आपण नाही म्हणू शकतो. तेवढा हक्क मात्र पेनाबरोबर दुसऱ्याच्या हातात देऊ नका.