पाचट आणि काळी भरती

दूर देशी कोठे अनर्थ घडला की त्याची वार्ता आपल्यापर्यंत दोन-चार मोठ्या वृत्तसंस्थांच्या चाळणीतून येते. आणि त्या चाळणीत जे अडकून राहते, तेच बहुधा त्या गावच्या माणसांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असते, असे माझे अलीकडच्या वाचनावरून मत झाले आहे.

मॉरिशसचीच हकीकत पाहावी. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे जपानी मालकीचे मालवाहू जहाज, ब्राझीलकडे जात असता, त्या बेटाच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या प्रवाळखडकावर चढून बसले. माल नव्हता, पण टाक्यांत इंधन सुमारे ३,९०० टन होते. ६ ऑगस्टला ते झिरपू लागले आणि निळ्या पाण्यावर काळा तवंग पसरला. जगाच्या वर्तमानपत्रांत त्या बेटाचे नाव ठळकपणे आले ते तेव्हा. आणि १५ ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाल्यावर थोड्याच दिवसांत ते मावळलेही.

मी मात्र त्या सुमारास १९०८ पासून चालत आलेले 'ल मॉरिसियें' आणि त्याच्या जोडीला 'लेक्सप्रेस' ही पोर्ट लुईची दोन पत्रे संगणकावर रोज उघडू लागलो होतो. तेथे कचेरीचा कारभार इंग्रजीत, घरातले बोलणे क्रिओलमध्ये आणि वर्तमानपत्रे मुख्यत्वे फ्रेंचमध्ये, अशी भाषांची विभागणी आहे. सबब यांत्रिक भाषांतराचा आश्रय घेणे प्राप्त होते. त्या यंत्राने पहिल्याच दिवशी 'मारे न्वार' या शब्दांचा 'काळी भरती' असा तर्जुमा माझ्यापुढे ठेवला. समुद्रात तेल पसरण्याला फ्रेंच माणूस असेच म्हणतो, हे उमगायला मला थोडा वेळ लागला. उमगल्यावर मात्र 'तेलगळती' हा आपला शब्द फार कोरडा वाटू लागला.

बेटावरच्या लोकांच्या लेखी या कथेचा आरंभ गळतीपासून नव्हताच. जहाज अडकल्यापासून तेल फुटेपर्यंत जे बारा दिवस गेले, त्या अवधीत टाक्या का उपसल्या नाहीत, हा त्यांचा सवाल होता, आणि हवामान प्रतिकूल होते ही सरकारची कैफियत त्यांना मान्य नव्हती. माएबूरच्या किनाऱ्यावर तर लोकांनी हुकमाची वाट पाहिलीच नाही. उसाचे पाचट गोळा करून ते जाळ्यांत आणि कापडी खोळींत ठासायचे, तरंगते राहावे म्हणून रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या आत बांधायच्या, आणि असे लांबच लांब बांध खाडीत ओढून न्यायचे, हे काम त्यांनी आरंभले. स्वच्छतेचे काम अधिकाऱ्यांवर सोपवा असे सरकारने बजावले, तरीही ते थांबले नाहीत. कोल्हापूर-सांगलीकडे जे पाचट आपण शेतातच पेटवून देतो, त्याने तेथे समुद्र अडवला जात होता! ज्या बेटाच्या ऊसमळ्यांत राबण्यासाठी एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मराठी माणसे करारावर नेली गेली, त्याच बेटावरचे हे पाचट. त्या माणसांचे वंशज तेथे आजही गणेशचतुर्थी करतात, आणि त्या दिवशी साऱ्या देशाला सुटी असते.

स्थानिक पत्र म्हणजे वेदवाक्य, असे मला म्हणायचे नाही. त्यालाही मालक असतो, पक्ष असतो, शेजाऱ्याची भीड असते, आणि म्हणूनच एकाऐवजी दोन पत्रे वाचून शहानिशा करणे अवश्य आहे. परंतु घटनेचा शेवट पाहण्याइतका धीर त्याच्याच ठायी असतो. २९ ऑगस्टला पोर्ट लुईच्या रस्त्यांवर हजारो लोक काळी वस्त्रे लेवून उतरले. त्याच सुमारास किनाऱ्यावर मेलेले डॉल्फिन लागत होते. आणि ३१ तारखेला सफाईच्या कामावरून परतणारी 'सर गाएतां' ही ओढनौका बुडून तिच्यावरचे काही खलाशी प्राणांस मुकले. तेलाच्या छायाचित्रांनी हळहळलेल्या किती वाचकांपर्यंत त्या खलाशांची बातमी पोचली असेल? पुढे डिसेंबर २०२१ मध्ये तेथील न्यायालयाने जहाजाच्या कप्तानाला आणि त्याच्या दुय्यम अधिकाऱ्याला प्रत्येकी २० महिन्यांची कैद सुनावली. कप्तान भारतीय होता. तरीही आपल्याकडे फार थोड्यांना त्याची खबर आहे.

माझी वाचकांना विनंती एवढीच की, परमुलखातल्या ज्या बातमीने यंदा आपले मन हलले असेल, तिच्या गावचे वर्तमानपत्र तीन महिन्यांनी एकदा उघडावे आणि तेथले लोक त्या प्रकरणाविषयी अजून काय विचारीत आहेत ते वाचावे.