सांगितलेच नाही, मग शेरा कसला?

‘चांगल्या माणसाला सांगावे लागत नाही.’ आपल्या कचेऱ्यांत हे वाक्य अनुभवाचे बोल म्हणून ऐकवले जाते. नवा कारकून रुजू झाला, त्याला टेबल आणि फायलींचा गठ्ठा दाखवला, की साहेबांचे काम संपले. पुढे तो शेजारच्या टेबलाकडे पाहून शिकतो, म्हणजे तिथल्या सवयी उचलतो. मार्चअखेर त्याच सवयींबद्दल त्याच्या गोपनीय अहवालात ‘साधारण’ असा शेरा पडतो. हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

न बोलण्याची किंमत किती असते? सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील अभियंता देव दत्त यांना १९९३-९४ साली ‘चांगला’ असा शेरा मिळाला. बढतीसाठी मागच्या पाचही वर्षी ‘खूप चांगला’ शेरा हवा होता. कळवायचे ते फक्त प्रतिकूल शेरे; ‘चांगला’ प्रतिकूल कसा, म्हणून तो त्यांना कळवलाच नाही, आणि त्याच शेऱ्याने बढती अडली. प्रत्येक शेरा संबंधिताला कळवलाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये दिला, तोवर ते निवृत्त झाले होते. २०१३ साली सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच तत्त्व कायम केले.

‘मग प्रश्न मिटला, आता अहवाल दाखवतात,’ असे कोणी म्हणेल. मिटलेला नाही. वर्ष सरल्यावर हातात पडणाऱ्या अहवालावर हरकत घेता येते, पण जूनमध्ये बिघडलेले काम त्याने सुधारत नाही.

‘तोंडावर सांगितले की माणसे दुखावतात’ हा आक्षेप जास्त गंभीर आहे. दुखावतात, हे खरेच. पण कशाने? चारचौघांत बोलल्याने, आणि कामाऐवजी स्वभावावर बोट ठेवल्याने. ‘तुम्ही निष्काळजी आहात’ यावर कोणी काय करायचे? ‘या टिपणीत मागच्या आदेशाचा उल्लेख नाही, शेवटचा प्रस्ताव मोघम आहे, उद्या दुपारपर्यंत नीट करून आणा,’ असे त्याच दिवशी, केबिनचे दार लावून सांगितले तर काही करता येते. दुसऱ्या दिवशी टिपणी चांगली आली तर तेही तितक्याच तत्परतेने सांगावे. आपल्याकडे ते सहसा राहून जाते.

‘सगळे आखून दिले तर माणूस यंत्र होईल’ यात थोडे तथ्य आहे. म्हणून पायऱ्या आखून देऊ नयेत. काम कसे उतरले म्हणजे पुरे, ते सांगावे. महाराष्ट्राच्या २००५ च्या दप्तर दिरंगाई कायद्याने कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडकू नये, असे ठरवले. मुदत कळली. पण चांगली टिपणी कशी असते, हे कायदा सांगणार नाही. ते वरिष्ठानेच सांगायचे, तेही एप्रिलमध्ये.

टाळाटाळीचे खरे कारण मला वेगळेच दिसते. अपेक्षा एकदा बोलून दाखवली की वरिष्ठही तिला बांधला जातो. मार्चमध्ये ती बदलता येत नाही. म्हणून माझी मागणी आहे की, प्रत्येक अधिकाऱ्याच्या स्वतःच्या अहवालात एक रकाना असावा: हाताखालच्या कोणाला, कोणत्या तारखेला, नेमके काय सांगितले? तो रकाना कोरा असेल, तर त्या वर्षी त्याने इतरांवर मारलेले प्रतिकूल शेरे ग्राह्य धरू नयेत.