खालची अक्षरे वाचा

आम्हाला पहिलीपासून इंग्रजी आहे. पण व्हिडिओतले इंग्रजी भरभर पळते, कळतच नाही. आमच्या घरी एकच मोबाईल आहे. तो दिवसभर बाबांबरोबर शेतावर असतो. रात्री मी त्यावर इंग्रजी गोष्ट लावते. बोललेले शब्द खाली लिहून येतात. मी थांबवून ते वहीत उतरवते. मी ‘नाइफ’ नेहमी एनपासून लिहायची. गोष्टीत खाली आधी के दिसला, तेव्हापासून चुकले नाही.

आजी म्हणते, मोबाईलनं पोरं बिघडतात. नुसते बघत बसले तर बिघडतीलच. पण अक्षरे वाचली तर तो अभ्यासच आहे. ज्यांच्या घरी मोबाईल नाही, त्यांनी काय करावे? म्हणून बाईंनी दर शनिवारी वर्गात सर्वांना एक गोष्ट दाखवावी, असे मला वाटते.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी