ओसीटी: मायक्रॉनच्या आकड्याला भुलू नका

मधुमेह किंवा काचबिंदू असलेल्या अनेकांच्या फाइलमध्ये आता डोळ्याच्या पडद्याचा ओसीटी असतो. "डॉक्टर, तिकडचं मशीन ३ मायक्रॉनचं आहे म्हणे, तिथे काढू का?" असं रुग्ण विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: नुसत्या त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

ओसीटीत क्ष-किरण नसतात, अवरक्त प्रकाश असतो. त्याचा एक भाग डोळ्यात जातो, दुसरा मशीनमधल्या आरशाकडे. परतलेल्या दोन्ही किरणांच्या व्यतिकरणावरून पडद्याचा कोणता थर किती खोल आहे ते कळतं. प्रकाशात जितक्या जास्त तरंगलांबी मिसळलेल्या, तितके बारीक थर वेगळे दिसतात. ३ मायक्रॉनचा दावा इथून येतो.

गोची पुढेच आहे. शाळेत लोलकातून सात रंग फुटताना पाहिलेत ना? तेच अपस्करण. पाण्यात प्रत्येक तरंगलांबीचा वेग थोडा निराळा असतो, आणि आपला डोळा म्हणजे जवळपास २४ मिलिमीटर लांबीची पाण्याची पिशवीच! आरशाकडचा प्रकाश मात्र हवेतून जातो. मग दोन्हींचा मेळ बसत नाही. थराची रेषा पसरते, फिकट होते. तरंगलांबी जितक्या जास्त, तितका हा फटका मोठा. म्हणून आरशाच्या वाटेत जुळेल अशी काच बसवतात, उरलेला फरक संगणक गणिताने काढतो. १०५० नॅनोमीटरच्या आसपास पाण्याचा हा त्रास जवळजवळ नसतोच. काही नवी मशीनं तोच प्रकाश वापरतात.

मोठा मायनस नंबर असलेला डोळा २८-३० मिलिमीटरही असू शकतो. नेहमीच्या ५-६ मायक्रॉनच्या मशीनला त्याने फारसं बिघडत नाही. ३ मायक्रॉनवाल्याला मात्र भरपाई त्या त्या डोळ्यानुसार करावी लागते, नाहीतर तो आकडा फक्त जाहिरातीत उरतो.

आणि पडद्याची सूज मोजायची असते दहा-वीस नव्हे, बऱ्याचदा शंभराच्या घरात. तिथे ३ आणि ५ मधला फरक कितीसा? मशीन बदलण्याचा धोका त्याहून मोठा. प्रत्येक कंपनी थराची सीमा वेगळ्या ठिकाणी धरते, त्यामुळे त्याच डोळ्याची जाडी कित्येक मायक्रॉनने वेगळी येऊ शकते. त्याला 'सूज वाढली' समजून डोळ्यात नको असलेलं इंजेक्शन घ्यावं लागू नये. शक्यतो त्याच मशीनवर तपासा, जुना रिपोर्ट सोबत न्या. सिग्नलचा आकडा कमी असेल, तर स्कॅन पुन्हा काढता येईल का, हे बेधडक विचारा.