नेसणे आणि घालणे : इष्टुर फाकडा, किल्ट आणि मावळातले धोतर

१/ शिवलेली नऊवारी किंवा इलॅस्टिकचे धोतर घालून लोहगडावर छायाचित्रे काढणारी तरुण मंडळी आता नवलाची राहिलेली नाहीत. खाली ‘अस्सल मावळी वेश’ असे लिहिलेले असते. आजचा धागा त्या ‘अस्सल’ शब्दाविषयी आहे. वाट जरा लांबची आहे. वडगाव मावळातून ती स्कॉटलंडला जाते आणि कार्ल्याला परत येते.

२/ जानेवारी १७७९. मुंबईकर इंग्रजांची फौज घाट चढून पुण्याच्या रोखाने निघाली होती. कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने ठार झाला. शत्रू असूनही त्याचे धाडस ओळखून मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. त्याच महिन्यात या फौजेला वडगाव येथे मान खाली घालून तह करावा लागला.

३/ स्टुअर्ट हे आडनाव मुळात स्कॉटलंडचे. ज्या वर्षी तो मावळात पडला, त्या वर्षी स्कॉटलंडमध्ये सामान्य पुरुषाने किल्ट नेसणे हा गुन्हा होता. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत बंडखोरांचा पराभव झाल्यावर इंग्रज सरकारने हा कायदा केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे सागरापार हद्दपारी. सूट होती ती फक्त सरकारी पलटणीतील शिपायांना.

४/ बंदी आली ते वस्त्र कसे होते? जुना किल्ट म्हणजे लोकरीचे न शिवलेले लांब-रुंद कापड. ते नेसण्याची एक रीत अशी : जमिनीवर पट्टा ठेवायचा, त्यावर कापड पसरून हाताने चुण्या घालायच्या, त्यावर आडवे व्हायचे, दोन्ही टोके पोटावर आणून पट्टा आवळायचा आणि उठायचे. वरचा भाग खांद्यावर घ्यायचा. रात्री पट्टा सोडला की तेच कापड पांघरूण.

५/ आता आपल्याकडे पाहा. सुमारे पाच वारांचे धोतर. मध्य कमरेमागे धरून दोन्ही बाजू पुढे आणायच्या आणि गाठ मारायची. एका बाजूच्या चुण्या पायांमधून मागे नेऊन खोचल्या की काचा. दुसऱ्या बाजूच्या निऱ्या पुढे खोचल्या की सोगा. किल्टला खिसा नाही, म्हणून स्कॉटिश माणूस पुढे चामडी पिशवी लटकवतो. आपल्या आजोबांचे पैसे कनवटीला असत.

६/ सोडण्याचीही रीत आहे. शेवटी खोचलेले आधी सुटते, गाठ सर्वांत शेवटी. घाईने ओढले तर काठ फाटतो. आजचा शिवलेला किल्टही असाच सांभाळावा लागतो. डावा पदर उजव्यावर येतो, चुण्या मागे राहतात, टाचणी फक्त वरच्या पदराला लावतात. काढल्यावर चुण्या जुळवूनच तो ठेवायचा असतो.

७/ मराठीने हा भेद क्रियापदांत जपला आहे. सदरा ‘घालतात’, पागोटे ‘बांधतात’, घोंगडी ‘पांघरतात’. धोतर आणि लुगडे मात्र ‘नेसतात’. शिवलेले वस्त्र शिंप्याने पूर्ण केलेले असते. नेसायचे वस्त्र रोज सकाळी नेसणाऱ्याच्या हातून पूर्ण होते. शिवलेल्या नऊवारीविषयी बोलताना लोक सहज ‘घातली’ म्हणतात. भाषेला फरक कळला आहे, छायाचित्राखाली लिहिणाऱ्याला कळलेला नाही.

८/ ही कला मावळात किती जुनी? कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरील स्त्री-पुरुषांच्या जोड्या पाहा. शिल्पे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. कमरेखाली नेसलेले वस्त्र, त्यावर बांधलेला शेला, पुरुषांच्या डोक्यावर भरदार पागोटे. गडावर जाताना वाट वाकडी करून ही शिल्पे पाहावीत.

९/ पुन्हा स्कॉटलंड. १७८२ मध्ये बंदी उठली. पण पस्तीस वर्षांत एक पिढी सरली होती आणि रोज सकाळी कापड पसरण्याची सवय बहुतेकांच्या हातून गेली होती. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा वॉल्टर स्कॉटने आखलेल्या समारंभात तो स्वतः किल्टमध्ये मिरवला. किल्ट परतला, पण रोजचा पोशाख म्हणून नव्हे, तर समारंभाचा वेश म्हणून.

१०/ कायदा रद्द करता येतो, तुटलेली सवय हुकमाने परत आणता येत नाही. आपल्याकडे धोतर-लुगड्यावर कोणी बंदी घातली नाही. शेत, गिरणी, कचेरी, लोकल यांच्या सोयीने ती आपोआप मागे पडली. त्यात कोणाचा अपराध नाही. बायकांवर तर नऊवारीची सक्तीही होती. ती सुटली हे चांगलेच झाले.

११/ तेव्हा शिवलेल्या नऊवारीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. किल्टही शिवला गेला, म्हणूनच टिकला. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे : तिला ‘अस्सल’ म्हणण्याला, आणि नेसता येणारी माणसे घरात असताना त्यांना न विचारण्याला. दस्तऐवज जळाला तर आपण हळहळतो. आजीच्या बोटांतला दस्तऐवज तिच्याबरोबरच जाईल.

१२/ चैत्रात एकवीरेच्या यात्रेला कोळी समाज कार्ल्याला येतो. लुगडे आपल्या पद्धतीने नेसलेल्या वडीलधाऱ्या कोळणी तिथे आजही दिसतात. ती पद्धत देशावरच्या पद्धतीहून वेगळी. आदराने विचारा, शिकून घ्या. परवानगीशिवाय कॅमेरा रोखू नका.

१३/ या सुट्टीत एवढेच करा. घरातल्या जाणत्या माणसाकडून धोतर किंवा नऊवारी एकदा नेसून घ्या, मग स्वतः नेसा. किती वार, गाठ कुठे, निऱ्या किती, काचा कसा, हे लिहून ठेवा. गाव आणि पद्धतीचे नावही लिहा, कारण दहा कोसांवर रीत बदलते. पहिल्यांदा सुटेल. सुटू द्या.

१४/ नेसलेले वस्त्र सोडण्याला जुन्या मराठीत ‘फेडणे’ म्हणत. ऋणही आपण फेडतोच. आधी नेसायला शिकू या.