समुद्रावरचं इंटरनेट मालकाच्या मर्जीवर नको

२५ जुलै २०२० च्या संध्याकाळी 'वाकाशिओ' हे जपानी मालकीचं, जवळपास ३०० मीटर लांबीचं मालवाहू जहाज मॉरिशसच्या प्रवाळखडकावर चढलं. पुढे ते फुटलं आणि सुमारे १,००० टन तेल समुद्रात पसरलं. जहाज भाड्याने घेतलेल्या मित्सुई ओएसके लाइन्स कंपनीने त्याच डिसेंबरात कारण जाहीर केलं. किनाऱ्यापासून २२ सागरी मैलांवरून जायचं ठरलेलं जहाज आधी ५ आणि मग २ मैलांपर्यंत आत घ्यायचं ठरलं, ते मोबाइलची रेंज मिळावी म्हणून. तेवढ्या जवळून जायला लागणारा बारकाव्याचा नकाशाही वापरला नव्हता.

हे वाचून बहुतेकांनी खलाशांना बेजबाबदार ठरवलं. जहाज असं किनाऱ्याला नेणं चूकच, त्यात वाद नाही. पण ते साल करोनाचं होतं. जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवरच अडकले होते. घरी कोण जगलं, कोण दवाखान्यात आहे, हे कळायची सोय नसलेली माणसं रेंजसाठी काय करतील, याचा विचार कंपन्यांनी आधी करायला हवा होता. माझा मुलगा असल्याच बल्क कॅरिअरवर एबी, म्हणजे कुशल खलाशी आहे. चीनहून ब्राझीलला रिकामं जायचं आणि लोहखनिज भरून परतायचं, ही वाकाशिओसारखी त्याचीही वाट, मॉरिशसच्याच बाजूने जाणारी. म्हणून ती बातमी मला परक्या देशाची वाटली नाही.

आमच्या पाथर्डी तालुक्यातून माणसं पूर्वीपासून बाहेर पडतात. कुणी ऊसतोडीला, कुणी फौजेत, कुणी पोलिसात. मुलगा जहाजावर आहे म्हटलं की लोक हमखास विचारतात, "नेव्हीत का?" माझे आईवडील दसरा-दिवाळी उरकली की ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्याच्या तळावर जायचे, आम्ही भावंडं आजीपाशी. हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत खबर म्हणजे मुकादमाकडचं कुणी आलं तर त्याच्या तोंडचा निरोप. आज तळावरच्या कोपीतून आई लेकराला व्हिडिओ कॉल करते. ते बघून मला बरं वाटतं. पण शहाण्यासुरत्या कंपन्यांच्या कोट्यवधींच्या जहाजावर तेवढंही का मिळू नये, हा प्रश्न मग सोडत नाही.

मुलाच्या पहिल्या जहाजावर महिन्याला थोडे एमबी फुकट असत, पुढचे पगारातून कापून. लिहिलेला मेसेज कसाबसा जायचा, फोटो अर्ध्यात अडकायचा. बोलणं झालंच तर त्याचं उत्तर इतकं उशिरा यायचं की त्याची आई आणि तो एकाच वेळी बोलू लागत आणि दोघंही थांबत. कारण सरळ होतं. जहाजाच्या घुमटातला अँटेना ज्या उपग्रहाशी बोलायचा तो जवळपास ३६,००० किलोमीटर वर, आणि ती एकच बारीक वाट कार्यालयीन ईमेल आणि वीस-बावीस माणसांत वाटलेली. आताच्या जहाजावर स्टारलिंक आहे. ते उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, जहाजांसाठी ही सेवा २०२२ मध्ये सुरू झाली. भर हिंदी महासागरातून तो आईला चेहरा दाखवतो. समुद्र तोच, काम तेच, हुद्दाही तोच. फरक फक्त मालकाचा.

माझं भांडण इथेच आहे. खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ चा, भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन खलाशांच्या घराशी संपर्काची सोय बंधनकारक भागात आली आणि २३ डिसेंबर २०२४ पासून ती लागू आहे. पण इंटरनेट शक्य असेल तितपत द्यावं आणि पैसे घेतलेच तर वाजवी घ्यावेत, हे मार्गदर्शनापुरतंच राहिलं. किती डेटा, कोणत्या दराने, हे कुठेच नाही. आपल्याकडे १९५८ चा व्यापारी नौवहन कायदा जाऊन २०२५ चा नवा आला आहे. त्याखालच्या नियमांत नौवहन महासंचालनालयाने, म्हणजे डीजी शिपिंगने, आकडा घालावा. प्रत्येक खलाशाला आठवड्यातून एकदा घरच्यांना बघून बोलता येईल एवढा डेटा मोफत, आणि घरातल्या आजारपणाचा किंवा मृत्यूचा निरोप कोणत्याही मर्यादेशिवाय. पाण्याची आणि जेवणाची हमी जशी कागदावर असते, तशी ही हवी.

जुने कॅप्टन म्हणतात, इंटरनेट आल्यापासून मेसमध्ये कुणी बसत नाही, पोरं झोप मोडून मोबाइल बघतात. यात तथ्य आहे. दिवसाला किमान दहा तास विश्रांतीचा नियम आहे आणि ती झोपण्यासाठीच असते. पण त्यावरचा उपाय जहाजाच्या शिस्तीत शोधायचा, तार तोडून नव्हे. घरच्यांनीही पथ्य पाळावं. मुलाची बारा ते चारची वॉच, म्हणजे कामाची पाळी, असेल तर त्याआधी विहिरीची मोटार जळाल्याची कहाणी सांगू नये. आमच्या घरी त्याची वेळ आधी विचारली जाते, मगच बोलणं.

सरकारला हे पटत नाही असंही नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांसाठी एक लाख ट्रान्सपाँडर मोफत बसवण्याची योजना सुरू झाली. मोबाइलची रेंज संपते तिथूनही त्यावर उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी निरोप जातो. मच्छीमारासाठी जे गरजेचं मानलं, ते महिनोन् महिने घर न दिसणाऱ्या खलाशाला लागू करायला अडचण कसली?

तालुक्यातली पोरं आता जीपी रेटिंगची, म्हणजे खलाशी होण्याच्या प्रशिक्षणाची, चौकशी करायला माझ्याकडे येतात. त्यांच्या आईबापांना मी सांगतो, आधी एजंटचा खलाशी भरतीचा आरपीएसएल परवाना डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर तपासा, एक रुपयाही रोख देऊ नका. मग करार हातात घ्या आणि विचारा, जहाजावर इंटरनेट कोणतं, महिन्याला किती, वरच्या वापराचा दर काय. तोंडी उत्तर ऐकून उठू नका. ते करारात लिहून मागा.